तीन पाउंड तेरा औंस

गावंडे साहेब माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते "बाहेर जा" असं.

मी सांगलीहून चंदीगडला पीएच.डी. करायला आले होते, सेक्टर ३९ मधल्या सरकारी संशोधन संस्थेत. तिसऱ्याच दिवशी कसलीशी पांढरी पावडर मोजायला बॅलन्स रूममध्ये शिरले. जिना धावत चढले होते, त्यामुळे धाप लागली होती. तराजूसमोर एक उंच, हडकुळा, करड्या केसांचा माणूस हातात चिमटा धरून उभा होता. त्याने मान न वळवता "बाहर जाइए" म्हटलं. मी मराठीत पुटपुटले, "काय खडूस माणूस आहे!" तसा तो वळला.

"खडूस तं खडूस. पण बाहेर जाय. तुह्या धापेनं काटा हालून राह्यला."

चंदीगडात अनोळखी माणसाच्या तोंडून मराठी आलं की एरवी मला गलबलून यायचं. त्या दिवशी फक्त राग आला. व्हरांड्यात पाच मिनिटं उभी राहून मी मनातल्या मनात त्यांच्याशी कडाक्याचं भांडून घेतलं. मग दार किलकिलं झालं.

"ये आता. कोणता जिल्हा?"

"सांगली."

"ये सांगली. दार लाव."

पुढची चार वर्षं माझं नाव सांगली होतं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा भटिंडा होता, आणि आमच्या विभागप्रमुखांनाही ते पाठीमागे मेरठ म्हणत.

मनोहर गावंडे अकोटजवळच्या एका खेड्यातले. संस्थेतले सगळे तराजू आणि वजनं बिनचूक ठेवणं हे त्यांचं काम. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत हा माणूस पापणीसुद्धा हलवायचा नाही, आणि त्या खोलीबाहेर पाऊल टाकलं की एका जागी मिनिटभर ठरायचा नाही. चहा उभ्याने, जेवण अर्ध्या उभ्याने. मीटिंगमध्ये खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या. संध्याकाळी घरी जाताना कोपऱ्यावरून परत यायचे, बॅलन्स रूमचं कुलूप ओढून बघायचे, पुन्हा कोपऱ्यापर्यंत जायचे आणि पुन्हा परत यायचे. हे तीनदा झालं की मगच घर. त्यांच्यासोबत चालत जाणं म्हणजे शिक्षा होती. मी कितीदा चिडले.

"एकदा पाहिलंत ना कुलूप?"

"एकदा तोललं तं अंदाज," ते म्हणत. "दोनदा तोललं तं शंका. तीनदा तोललं तं वजन."

त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे "कोणता?" संस्थेत कोणी बोलता बोलता पाउंड म्हटलं, औंस म्हटलं, की हे जिथे असतील तिथून विचारणार, "कौनसा औंस?" नवा माणूस गोंधळायचा. औंस म्हणजे औंस, त्यात कौनसा काय? मग साहेब त्याला व्हरांड्यात घेऊन फेऱ्या मारत समजावायचे.

मलाही त्यांनी तसंच समजावलं होतं, पण आधी कोडं घालून. "सांग, एक पाउंड सोनं जड का एक पाउंड कापूस?"

शाळेतलं जुनं कोडं. मी हसून म्हटलं, "दोन्ही सारखंच."

"नापास. कापूस जड."

मी वाद घातला. त्यांना तेच हवं होतं. इंग्रजांचा पाउंड एक नव्हता, ते सांगू लागले. किराणा, लोखंड, कापूस हे सगळं तोलायचा पाउंड वेगळा आणि सोनंचांदी तोलायचा वेगळा, त्याला ट्रॉय म्हणत. औषधवाल्यांची मापं तिसरीच, पण त्यांचा पाउंड न् औंस सोनाराएवढाच. सगळ्यांच्या बुडाशी माप एकच, ग्रेन, म्हणजे जवाचा दाणा. तो कुठेही गेलात तरी तेवढाच. पण बाजारातल्या पाउंडात सात हजार दाणे, आणि सोनाराच्या पाउंडात फक्त पाच हजार सातशे साठ. म्हणून पाउंडभर कापूस पाउंडभर सोन्याला भारी.

"आणि आता औंस सांग. औंसभर सोनं जड का औंसभर कापूस?"

मी शहाणपणाने म्हटलं, "कापूस."

"पुन्हा नापास!" त्यांना इतका आनंद झाला की ते चक्क थांबले. बाजारातल्या पाउंडाचे औंस सोळा, सोनाराच्या पाउंडाचे बाराच. त्यामुळे सोनाराचा औंस चारशे ऐंशी दाण्यांचा आणि बाजारातला चारशे साडेसदतीस. "पाउंडात कापूस जड, औंसात सोनं जड. आमच्या अकोल्यात दोन्हीचे व्यापारी होते. म्या दोघायलेही रडताना पाह्यलं."

ते तरुणपणी अकोल्याच्या वजनमापाच्या कचेरीत शिपाई म्हणून लागले, तेव्हा देशात किलो नुकता आला होता. दुकानादुकानांतून जुने शेर, पाउंड, औंस गोळा करायचे, पावती द्यायची आणि माल कचेरीत आणून टाकायचा, हे त्यांचं काम. त्या ढिगाऱ्यावर बसून त्यांनी हे सगळं शिकून घेतलं, रात्रशाळा केली, परीक्षा दिल्या आणि वाढत वाढत चंदीगडपर्यंत आले. ज्या मापांना सरकारने मोडीत काढलं, ती त्यांच्या तोंडात शेवटपर्यंत राहिली. माणूस दिसला की ते डोळ्यांनी तोलायचे आणि स्टोनमध्ये सांगायचे. मला म्हणाले होते, "सात स्टोन नऊ पाउंड." एक स्टोन म्हणजे चौदा पाउंड. वसतिगृहाच्या काट्यावर मी पाहिलं, तर अर्धा किलोही फरक नव्हता. मेरठसाहेबांच्या बायकोला त्यांनी "तेरा स्टोन" सांगितलं आणि ती "थँक यू" म्हणाली. "स्टोनमध्ये सांगितलं का बाया चिडत नाईत," हे मात्र ते मला चिडवायला म्हणत.

या माणसाचा प्रामाणिकपणा सोसवण्यासारखा नव्हता. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला प्रसादासाठी खवा आणायला आम्ही दोघं गेलो होतो. मंडळात मोठ्या सरकारी इस्पितळातले डॉक्टर होते, युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक होते, पण खवा आणायला गावंडेच, कारण त्यांना कोणी फसवू शकत नाही असा लौकिक होता. हलवायाने तोलून दिलं. साहेबांनी खिशातून छोटी पितळी डबी काढली, स्वतःची वजनं त्याच्या तराजूत टाकली, आणि त्यांचा चेहरा पडला. हलवायाचं किलोचं माप अठरा ग्रॅमनी जास्त भरत होतं.

"मग आपला फायदाच की!" मी म्हटलं.

त्यांनी हलवायाला सांगितलं, "लालाजी, आपका बाट गलत है."

लालाजी भडकला. तीस साल की दुकान, आजपर्यंत कोणी बोट दाखवलं नाही. साहेब समजावतायत की तुमचंच नुकसान होतंय, आणि तो ऐकतोय की मला चोर म्हणतायत. गर्दी जमली. मी लाजेने अर्धी झाले. दर पाच किलोंमागे नव्वद ग्रॅम खवा परत काढून घ्यायला लावूनच आम्ही निघालो, आणि त्यानंतर दीड महिना हे दर शनिवारी त्या दुकानासमोरून एक फेरी मारत होते. माप बदललं का ते बघायला. शेवटी लालाजीने कंटाळून बदललं. त्या रविवारी साहेब घरी दोन पोळ्या जास्त जेवले, असं काकू म्हणाल्या.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, शकुंतलाकाकू. ठेंगणी, शांत, दोन सुया आणि लोकर हातात असलेली बाई. संस्थेच्या क्वार्टरमध्ये तळमजल्यावर राहायच्या. माझं रविवारचं जेवण त्यांच्याकडे असायचं. एकुलती एक मुलगी संध्या इथेच शिकली, वाढली, आणि लग्न होऊन अमेरिकेला गेली. देशाचा बाजार तेव्हा नुकताच खुला झाला होता. ज्याला त्याला कुठेतरी जायचं होतं, काहीतरी मागवायचं होतं. आमच्या संस्थेतही परदेशी डिजिटल तराजू आला. त्यावर एक बटण होतं. दाबलं की ग्रॅमचे औंस, पुन्हा दाबलं की ट्रॉय औंस. सगळ्यांना वाटलं गावंडे नाक मुरडतील. ते खूश झाले. "याले माहीत आहे, औंस दोन असतात." मग त्यांनी त्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं, हात लावू नये. "माहीत असणं येगळं अन् पोट्ट्यायच्या हाती देणं येगळं."

त्याच लाटेत पिंजौरचं काम आलं. तिथे गुरचरण सिंग नावाच्या सरदारजीचा पितळेचा छोटा कारखाना होता. नळाच्या तोट्या बनवायचे. त्यांना एका अमेरिकन कंपनीची ऑर्डर मिळाली, जुन्या पद्धतीच्या सोनारी वजनांच्या लाकडी पेट्यांची. ग्रेनपासून ट्रॉय पाउंडापर्यंत. पेट्या शोभेच्या, पण वजनं मात्र बिनचूक हवीत, अशी अट. सरदारजींना ट्रॉय म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. कोणीतरी गावंड्यांचं नाव सांगितलं. संस्थेची रीतसर परवानगी काढून साहेब दर रविवारी काल्क्याची बस पकडून पिंजौरला जाऊ लागले. संस्थेतही दुसरं बोलणं नाही. सरदारजी रोज संध्याकाळी फोन करायचे, "गावंडे साब, पंज औंस किन्ने ग्राम?" दर वेळी हिशेब नको म्हणून साहेबांनी एका पोस्टकार्डावर ट्रॉय पाउंडाचा आणि औंसाचा पूर्ण तक्ता लिहिला आणि घरी फोनच्या वर भिंतीला चिकटवला. बारीक, मोत्यासारख्या अक्षरात. मला अजून दिसतो.

जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत, एका संध्याकाळी त्या फोनवर अमेरिकेतून जावयाचा आवाज आला. संध्या आठ आठवडे आधी बाळंत झाली होती. मुलगी. काचेच्या पेटीत ठेवली आहे. वजन तीन पाउंड दहा औंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला बॅलन्स रूममध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सांगली, चौदाशे एकतीस ग्रॅम."

"काय?"

"संध्याची पोरगी. काकूले आकडा सांगू नोको."

त्यांना एकट्याने डॉक्टरांकडे जायचं नव्हतं. मी सोबत गेले. मंडळातल्या डॉ. मुळे मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात होत्या. स्पष्ट बोलणाऱ्या कोल्हापूरच्या बाई. साहेबांनी त्यांना ग्रॅममध्येच आकडा सांगितला. जुन्या मापांचं वेड असलं तरी कामाच्या ठिकाणी ते नेहमी म्हणत, ग्रॅममध्ये बोला म्हणजे घोळ होत नाही.

"दीड किलोच्या वर असती तर मी म्हटलं असतं निम्मी काळजी सोडा," मुळेबाई म्हणाल्या. "तिकडे सोयी चांगल्या आहेत. पण चौदाशे... आणि आता पहिले काही दिवस वजन अजून उतरणार. मी उगीच गोड बोलत नाही, गावंडे. वाट बघायची."

परत येताना साहेब रिक्षात बसले नाहीत. चालत आले. त्या गारठ्यात एवढं अंतर! मी मागे मागे, पाय ओढत, त्यांच्यावर चिडत आणि रडू आवरत.

जावई दोन दिवसांआड फोन करी, आपल्याकडे संध्याकाळ, त्यांच्याकडे सकाळ. तीन पाउंड आठ औंस. तीन पाउंड सहा. साहेब पोस्टकार्डाकडे बघत, आकडा करत, आणि सकाळी मला आलेख दाखवत. आलेखाच्या कागदावर दीड किलोपाशी लाल रेघ मारली होती आणि त्या रेघेखाली उतरत चाललेली पेन्सिल. संस्थेच्या कामात मात्र चूक नाही. उलट ते आता सगळं पाच-पाचदा तोलत होते.

काकूंचा व्हिसा झालेला होता. बाळंतपणासाठी मार्चमध्ये जायचं ठरलं होतं, पण जावई आता म्हणत होता, आईंना लगेच पाठवा. साहेब सेक्टर १७ मध्ये एजंटकडे गेले. परत येऊन काकूंना म्हणाले, "महिनाभर जागाच नाई. धुक्यानं सगळे इमान अडकले."

ते खोटं होतं. जागा होती. त्यांनी मागितलीच नव्हती. मला हे माहीत होतं, कारण मला त्यांनी सांगितलं होतं. "ते तिथं पोचन अन् पोरगी गेलेली असन. त्यापक्षा इथंच बरी." अठरा ग्रॅम खव्यासाठी दीड महिना फेऱ्या मारणारा माणूस बायकोशी खोटं बोलला. मी गप्प बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

सर्वांत वाईट दिवस आठवा. तीन पाउंड पाच औंस. मी बॅलन्स रूममध्ये गेले तर साहेब खुर्चीवर बसले होते. मांडीवर एक पंचा, त्याची झोळी केलेली. त्यात पितळी वजनं. एक किलो, दोनशे, पन्नास, वीस, पाच. जी वजनं बोटाचा घाम लागेल म्हणून ते कोणाला शिवू देत नसत, ती तशीच हाताने उचलून घातली होती.

"धर," ते म्हणाले. "पाय. एवढी."

मी धरली. बाजारातून आणलेल्या डाळीच्या पुडीएवढी. ते म्हणाले, "मले वाटलं होतं, जन्मभर हेच केलं, तं समजन हातात घेऊन. काहीच समजत नाई वं, सांगली." आणि तोंड पंचात घालून रडले. मी दाराला आतून कडी घातली आणि तिथेच उभी राहिले.

मग काटा वर सरकू लागला. तीन पाउंड सहा. आठ. दहा. अकरा. साहेबांचा धीर मात्र वाढेना. त्यांच्या आलेखात ती अजून लाल रेघेच्या खालीच होती. ते रात्रंदिवस फेऱ्या मारायचे, आणि खालच्या मजल्यावर असूनही शेजारच्यांनी तक्रार केली होती.

सतराव्या दिवशी रविवार होता. धुकं होतं म्हणून साहेब पिंजौरला गेले नव्हते. मी जेवायला गेले होते. साहेब कोपऱ्यावरच्या दुकानात गेले असताना जावयाचा फोन आला आणि तो काकूंनी घेतला. साहेब आले तेव्हा त्या सुया उचलत शांतपणे म्हणाल्या, "तीन पाउंड तेरा औंस झाली म्हणे."

"तेरा नसन. नीट ऐकत जाय."

"तेराच म्हणाले ना जावई."

"बारा औंसाचा पाउंड होते. तेरा झाले का चार पाउंड एक औंस म्हणा लागते. तेरा औंस कसे असतीन?"

काकूंनी सुया खाली ठेवल्या. "बारा कायचे? सोळा औंसाचा पाउंड. म्या आयुष्यभर लोकर कोणत्या पाउंडानं घेतली?"

साहेब उभेच होते. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या पोस्टकार्डाकडे. मी ते पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते. गुणाकार चालला होता. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या माणसाने बाळाचं वजन सोनाराच्या पाउंडात धरलं नसतं. कारण दुसऱ्या माणसाला तो पाउंड माहीतच नसतो. माझं तरी काय? पीएच.डी. करत होते, तीन गुणिले साडेचारशे मला येत नव्हतं थोडंच. पण गावंडे साहेबांनी ग्रॅममध्ये सांगितलेला आकडा तपासून बघायचा, हे कोणाच्या डोक्यात येणार? आणि त्या सतरा दिवसांत औंस एकदाही अकराच्या वर गेले नव्हते. पहिल्याच दिवशी तेरा असते तर त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं असतं.

"सोळाशे चव्वेचाळीस," ते म्हणाले. "जन्मली तवा सोळाशे चव्वेचाळीस होती. दोनशे साडेतेरा ग्रॅम कमी धरले म्या..." मग टेबलाचा आधार घेऊन बसले. "सगळ्यात कमी झाली तवाही पंधराशे दोन. एकदाही खाली नाई गेली. एकदाही."

मी हसत होते, रडत होते, टाळ्या वाजवायच्या बेतात होते. काकू मात्र नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या.

"तुमी काय समजत होते इतके दिवस?"

त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं. तिकिटाचंही. खाली बघून, एकेक आकडा नीट उच्चारत.

काकूंचा तो कधी न चढणारा आवाज चढला.

"अन् गेलीच असती पोरगी, तं? तं संध्याजवळ कोणी नको होतं काय?"

सतरा दिवस आम्ही दोघं शिकलीसवरली माणसं त्या बाळाचे ग्रॅम मोजत बसलो होतो आणि तिकडे एक बाळंतीण एकटी काचेसमोर उभी आहे, हे आमच्या हिशेबात नव्हतं. वजन बरोबर असतं तरी निर्णय चुकीचाच होता. काकूंनी ते एका वाक्यात दाखवलं आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. आतून म्हणाल्या, "मले नोका सांगू. तिले सांगा. तुमी सोता."

घरच्या फोनवरून परदेशी फोन लागत नव्हता. संध्याकाळी आम्ही मार्केटमधल्या बूथवर गेलो. साहेब काचेच्या खोक्यात, मी बाहेर. आत दोन पावलंही चालता येत नव्हतं, म्हणून ते उभ्या उभ्या पाय बदलत होते. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे मला ऐकू येत होतं.

"संध्या, आईचं तिकीट म्याच काढलं नाई. मले वाटलं, ती जगत नाई... नाई, कोण्या डॉक्टरनं तसं म्हटलं नाई. म्या हिशेब चुकवला. माह्यी चूक." मग नुसतंच ऐकत राहिले. बूथवाला माझ्याकडे बघून "लंबी कॉल है जी" म्हणाला. मी त्याच्यावर इतकी डाफरले की तो रेडिओ लावून बसला.

साहेब बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता.

"काय म्हणाली?"

"म्हणे, 'बाबा, मैं सत्रह दिन अकेली थी.'" संध्याला मराठी समजायचं, पण ती बोलायची हिंदीतच. "मंग म्हणे, 'अब दोनों आओ.'"

दुसऱ्या दिवशी संस्थेत न जाता ते पिंजौरला गेले आणि मलाही नेलं. आता त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. तयार झालेली प्रत्येक पेटी त्यांनी उघडायला लावली आणि एकेक वजन पुन्हा तोललं. ग्रेन, औंस, पाउंड. दिवस मावळेपर्यंत. एकही चूक नव्हती. उरलेल्या पेट्यांचं काय, असं त्यांनी सरदारजींना भीत भीत विचारलं. गुरचरण सिंगांनी पगडी सावरली. "ओ जी, पौंड किते नहीं जांदे. तुसी कुड़ी कोल जाओ." मुलीकडे जा, पाउंड कुठे पळून जात नाहीत. सरदारजींची उरलेली ऑर्डर अडणार होती, तरी ते असं म्हणाले.

साहेबांनी जन्मात पहिल्यांदा तीन महिन्यांची सुट्टी टाकली. धावपळ करून त्यांचा पासपोर्ट, व्हिसा आणि दोघांचं तिकीट झालं. ते परत आले तेव्हा माझं काम संपून मी पुण्याला गेले होते, आणि पुढे निवृत्त होऊन ते अकोटला गेले. पत्रं आली, ती मुलगी पहिलीत गेल्याचा फोटो आला, पण भेट झाली नाही. त्यामुळे मला शेवटचे दिसतात ते सेक्टर १७ च्या बसस्टँडवर, दिल्लीच्या बसमध्ये.

मी सोडायला गेले होते. बस सुटायला दहा मिनिटं होती. साहेब चारदा खाली उतरले, टपावरचं सामान बघितलं, ड्रायव्हरला वेळ विचारली, पुन्हा चढले. काकू खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पिवळ्या लोकरीचं बारकं झबलं, अजून एक बाही राहिलेली. इंजिन सुरू झालं तेव्हा ते एकदाचे शेजारी टेकले. मी खिडकीखाली उभी होते.

"सकाळी फोन आल्ता ना?" त्यांनी काकूंना विचारलं. "किती सांगितलं आज?"

"म्या इचारलंच नाई."

त्यांचा डायरी काढणारा हात खिशातच राहिला. मला वाटलं आता रागावतात.

"पण मांगून रडणं ऐकू येत होतं," काकू म्हणाल्या.

"कसं?"

"मोठ्यानं. जावयाचं बोलणं ऐकू येईना, इतक्या मोठ्यानं."

बस हलली. मी हात हलवला, पण साहेबांचं लक्ष नव्हतं. ते काकूंकडे पूर्ण वळून बसले होते, आणि खिडकी पुढे सरकता सरकता मी त्यांना म्हणताना ऐकलं, "आखीन एकदा सांग. कसं रडत होती?"